बजावणी

शुभानं लंगोटांची बादली न्हाणीघरातच ठेवली, राधाला कडेवर घेतलं आणि मधुकरनं मानेनं खुणावलं तशी दाराबाहेर पडून गच्चीचा जिना चढू लागली.

"चपला राहू दे," तो मागून हलकेच म्हणाला. "वाजतात."

खाली सोसायटीच्या फाटकाशी हवालदार सायकल लावत होता. रविवार होता. मधुकर गॅलरीत दाढी करत होता, म्हणून तो त्याला वेळेवर दिसला. एका गालावर साबणाचा फेस तसाच ठेवून तो आत धावला होता.

गच्चीचं दार लोटून शुभा पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी राहिली. वरच्या मजल्यावरच्या कुंदाताईंनी पापड वाळत घातले होते. राधा त्यांच्याकडे झेपावत होती. शुभानं तिच्या मुठीत पदराचं टोक दिलं. जिन्याच्या पोकळीतून आवाज वर येत होते, शेजारी उभं राहून कोणी बोलावं तसे.

"शुभा मधुकर पाटणकर इथंच राहतात ना?"

"राहते. पण माहेरी गेलीय."

"माहेर कुठं?"

"सांताक्रूझ."

"मग काय, तासाभराचं काम. पत्ता द्या."

"तिथून सगळे गावी गेलेत. मूल लहान आहे हो. कधी येईल, सांगता येत नाही."

हवालदारानं त्याचीच सही मागितली, तो नाही म्हणाला. मग हवालदाराचे बूट एकेक पायरी उतरू लागले. नेमकं तेव्हाच राधानं ओरडायला तोंड उघडलं. शुभानं ते आपल्या खांद्यात दाबून धरलं. जरा जास्तच दाबलं गेलं. सोडलं तेव्हा पोर लालबुंद झाली होती आणि रडायचंही विसरून आईच्या तोंडाकडे पाहत होती.

ती खाली आली तेव्हा मधुकर उरलेली दाढी करत होता.

"गेला," तो आरशातूनच म्हणाला. "कागद परत घेऊन गेला. दोनतीनदा येईल, कंटाळेल."

"आणि तारीख?"

"तारीख निघून जाईल."

"अण्णा कुठायत?"

"शाई आणायला उतरले आत्ताच. या उन्हात काय अडलं होतं त्यांचं, कोण जाणे."

शुभानं सासऱ्यांच्या टेबलाकडे पाहिलं. शाईची बाटली अर्धी भरलेली होती. पण राधा आता गळा काढून रडायला लागली होती. तिला पाजायला घेताना शुभाच्या मनातून शाई निघून गेली.

दुपारी जेवताना मधुकरनं भात कालवता कालवता सांगून टाकलं, "हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. अण्णा, तुम्हीसुद्धा. कोर्टात जन्म गेला तुमचा, तुम्हाला राहवणार नाही, माहितेय मला. पण तिच्याशी याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

अण्णांनी ताकाचा घोट घेतला. "नाही बोलणार," ते म्हणाले.

शुभा खाली मान घालून वाढत राहिली. गच्चीवर तिला कोणी ढकललं नव्हतं. ती आपल्या पायांनी, अनवाणी गेली होती.

जानेवारीत, भर दुपारी तीनच्या सुमाराला, ती याच गॅलरीत लंगोट वाळत घालत होती. गॅलरीखाली गल्ली, गल्लीपलीकडे मधुकरच्या कंपनीचं मागचं गेट. कंपनीनं कामावरून काढलेले तीसेक जण त्या गेटाशी ताडपत्री बांधून पाळीपाळीनं बसत. त्यात काशीराम नावाचा एक मालवणी माणूस होता. पूर्वी परळच्या मिलमध्ये होता; संपानंतर मिलनं परत घेतलं नाही म्हणून इकडे आलेला. एकदा वाऱ्यानं लंगोट उडून खाली पडला तेव्हा त्यानं खालून हाक मारली होती, "वैनीनू, झेंडो पडलो तुमचो!" आणि दोन मजले चढून तो आणून दिला होता. चार घड्या, कडेला कड जुळवलेली. शुभा हसली तेव्हा म्हणाला होता, "फोल्डिंग खात्यात हुतंय मी. कापड गावला की हात आपसूक चलतत."

त्या दुपारी पाळी त्याची होती आणि तो ताडपत्रीखाली झोपला होता. कंपनीची जीप गेटातून उलटी बाहेर आली, ताडपत्रीच्या बांबूवर गेली आणि थांबली. जो आवाज झाला तो शुभाला आधी बांबूचाच वाटला. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या माणसानं मान वळवून मागे पाहिलं. नीट पाहिलं. जीप दोन हात पुढे गेली. मग त्याच माणसानं हात हलवला, आणि जीप पुन्हा मागे आली.

तो माणूस मधुकरचा साहेब होता. शुभाला ते तेव्हा माहीत नव्हतं. संध्याकाळी हवालदार दारोदार विचारत आला, तेव्हा बाकीच्या गॅलऱ्यांतल्या बायका झोपल्या होत्या म्हणाल्या. शुभानं मात्र राधाला थोपटत, जे पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं. मधुकर घरी आला तेव्हा ती त्यालाही तेच सांगायला लागली, आणि पहिल्यांदाच तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की आपण काहीतरी करून बसलो आहोत.

कंपनीचं म्हणणं होतं, ब्रेक लागला नाही, झोपलेला माणूस दिसला नाही, जीप एकदाच मागे आली.

दोन दिवसांनी साहेब मधुकरला म्हणाला होता, "पाटणकर, तुमच्या गॅलरीतून आपलं गेट छान दिसत असेल, नाही?" आणि थोडं थांबून, "मुलगी किती महिन्यांची झाली तुमची?" पुढे काही नाही. तेवढंच.

तेव्हापासून शुभा लंगोट न्हाणीघरात दोरी बांधून वाळवत होती. ते वाळत नसत. राधाच्या मांड्यांना पुरळ उठलं होतं.

अण्णा पंचवीस वर्षं फोर्टच्या कोर्टात भाषांतरकार होते. लोकांची साक्ष मराठीतून इंग्रजीत आणि हुकूम इंग्रजीतून मराठीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी कचेरीतल्या शब्दांचा कोश करायला घेतला होता. बुटांच्या खोक्यांत चिठ्ठ्या, प्रत्येक अक्षराचा एक खोका, प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द: कुठून आला, आधी आपण काय म्हणत होतो, अर्थ काय आणि शेवटी वापराची एक ओळ. आता मोतीबिंदूनं त्यांना स्वतःचंच अक्षर लागत नसे. राधा झोळीत झोपली की शुभा त्या चिठ्ठ्या मोठ्या वहीत स्वच्छ उतरवून काढी. कधी अर्धा तास मिळे, कधी दहा मिनिटं. पण दिवसभरात तेवढीच दहा मिनिटं तिच्या हातात लेखणी असे, म्हणून ती त्या चिठ्ठ्यांची वाट पाही.

हवालदार येण्याच्या आदल्या आठवड्यात 'ब' चालू होता. 'बजावणी' या चिठ्ठीवर ती अडली होती.

"अण्णा, हे बरोबर वाचतेय का? 'फौजदारी कामात ज्याच्या नावाचा कागद तो मिळून न आल्यास, घरात राहणाऱ्या प्रौढ पुरुषाकडे एक प्रत द्यावी व मागील बाजूस त्याची सही घ्यावी.' पुरुषच?"

"पुरुषच."

"आणि घरात बाईच असली तर?"

"तर दारावर डकवतात."

"म्हणजे बाईपेक्षा दार बरं!"

अण्णा हसले होते. मोठ्यानं हसायची त्यांना सवय नव्हती. फक्त खांदे हलले. "लिही, लिही. मी शब्दांचा अर्थ सांगतो, कायद्याचा नाही."

त्या रविवारनंतरच्या बुधवारी दुपारी दाराची कडी वाजली. दारात एक बाई उभी होती, साडी नेटकी नेसलेली, कपाळ मोकळं. हातात कापडी पिशवी. ती आत यायला तयार नव्हती.

"मी जानकी. नाहूरसून इलंय. काशीरामाची..." ती थांबली. "तुमी वळखतास तेंका. लंगोट देवक इले हुते ना एकदा. माका येवन सांगल्यानी हुता, वैनी हसली म्हणान."

शुभा दारातून बाजूला झाली. "बसा ना. पाणी देते."

"नाय, बसनंय नाय. मी काय मागूक नाय इलंय वैनी. एवढाच इचारूक इलंय. बावीस तारखेक कोर्टात बोलावल्यानी हा. वकील म्हणता, वरसून बघणारी एकच बाय आसा. तुमका कागद गावलो काय?"

शुभानं दाराच्या चौकटीला धरलं. मागे अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांची खुर्ची करकरली.

"नाही," ती म्हणाली. "आला नाही अजून."

ते खोटं नव्हतं. आणि खोटं नसल्यामुळेच ते बोलताना जीभ जड झाली.

जानकीनं मान हलवली. "नाय गावलो तर गावतलो. सरकारचो कागद, उशिरान येता." ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. "माका एकच सांगा. तो माणूस म्हणता, गाडी एकदाच गेली. एकदा गेली तर चुकी. चुकी कोणाची पण होता. पण माका रात्रभर तेच येता, एकदा की..." तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ऱ्हवांदे. तुमी पोराक बघा, रडता ता."

राधा रडत नव्हती. झोळीत शांत झोपली होती. जानकी जिना उतरून गेल्यावर कितीतरी वेळ शुभा दारातच उभी राहिली. वळली तेव्हा तिला वाटलं, अण्णा आता काहीतरी बोलतील. अण्णा चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

ते बोलले नाहीत. पण त्या आठवड्यात ते जरा विचित्रच वागत होते. एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"नाचणीच्या सत्त्वात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करतेस?"

"गार पाण्यात कालवून घेते आधी. मग मंद आंचेवर हलवत राहायचं. का हो? 'ग'च्या खोक्यात गुठळी राहिली वाटतं?"

"हं," अण्णा म्हणाले. "किती वेळ हलवायचं?"

"चकाकी येईपर्यंत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राधाला मांडीवर मागून घेतलं. जन्मल्यापासून त्यांनी तिला उभ्यानं कधी घेतलं नव्हतं. 'मला दिसत नाही, पाडीन एखादे वेळी' म्हणायचे. आता बसून, गुडघ्याभोवती उशा लावून घेऊन, ते तिचा लंगोट बदलायचा प्रयत्न करत होते. गाठ तीनदा सुटली. राधा पाय झाडत होती.

"अहो अण्णा, द्या इकडे. तुमचं काम आहे का हे?"

"राहू दे. कोणाचं काम कोणावर येईल, सांगता येतं का?" चौथ्यांदा गाठ बसली. अण्णांनी ती बोटांनी चाचपून पाहिली, एखाद्या नव्या शब्दावरून हात फिरवावा तशी.

म्हातारपणी माणसाला माया सुटते, शुभाला वाटलं. तिनं ते मधुकरलाही हसत सांगितलं. मधुकरही हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. तारीख जवळ येत होती आणि हवालदार पुन्हा फिरकला नव्हता.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. "साहेबसुद्धा म्हणत होते, महिन्याभरात सगळं थंड होईल." बोलताना तो राधाच्या तळव्यावर बोट फिरवत होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. हा माणूसही झोपत नाही, शुभाच्या मनात आलं. अंधारात आपण दोघंही छताकडे बघत पडतो आणि दोघंही झोपल्याचं सोंग करतो.

वीस तारखेला दुपारी ती वही उघडून बसली. 'म' चालू होता. 'मुचलका' झाला होता, 'मुद्देमाल' अर्धा राहिला होता.

"तो राहू दे," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "आज 'स' घे."

"मध्ये सहा अक्षरं आहेत की अजून. पानं चुकतील."

"चुकू देत. 'स'चा खोका काढ. कपाटात खालून दुसरा."

तिनं काढला. 'सनद', 'सबब' या पिवळट पडलेल्या जुन्या चिठ्ठ्या होत्या. तिसरी पांढरी होती, नवी कोरी, आणि अक्षर मोठं मोठं, वाकडं, ओळ सोडून खाली घसरलेलं. दिसत नसताना एकट्यानं बसून लिहिलेलं. तिनं ते वाचलं.

'समन्स. इंग्रजांबरोबर आला. इंग्रजीत फ्रेंचांकडून, फ्रेंचांत लॅटिनमधून. आपण आधी 'तलब' म्हणत असू. तो अरबी, त्यात मागणी आहे, जोर आहे. समन्समध्ये मुळात जोर नाही. लॅटिनमध्ये दोन तुकडे: एक 'खालून', दुसरा 'आठवण देणे, सावध करणे'. म्हणजे चारचौघांत न बोलता, हळूच, एखाद्याला त्याच्या गोष्टीची आठवण करून देणे. शिक्का आणि दंडाचा धाक मागाहून आला. वापर:'

वापरापुढे काही नव्हतं. चिठ्ठीच्या मागे टाचणीनं घडीचा एक छापील कागद लावलेला होता.

शुभानं टाचणी काढली. कागदावर तिचं नाव होतं. नवऱ्याचं मध्ये, आडनाव शेवटी, पण सुरुवात तिच्यापासून. बावीस तारीख, सकाळी अकरा. खाली गोल शिक्का, जरा पुसट.

झोळीची दोरी मंद कुरकुरत होती. तिला जिना आठवला, उतरत गेलेले बूट आठवले, आणि टेबलावरची अर्धी भरलेली शाईची बाटली. मागील बाजूस प्रौढ पुरुषाची सही. मधुकर सांगत होता तसा कागद परत गेलाच नव्हता. सही करणारा माणूस त्या उन्हात, दिसत नसताना, कठडा धरून दोन मजले हवालदारामागे उतरला होता.

"अण्णा," ती म्हणाली.

अण्णा गॅलरीकडे तोंड करून बसले होते. "मी बोलणार नाही म्हणालोय," ते तिकडेच पाहत म्हणाले. "ती शेवटची ओळ रिकामी आहे. मला सुचली नाही. तुला सुचली तर लिही. नाही सुचली तर चिठ्ठी तशीच ठेवून दे खोक्यात. कोश काही कोणी मागायला येत नाहीये."

तिनं कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. मग वहीत समन्सची चिठ्ठी शब्दन् शब्द उतरवली. 'वापर'शी आली आणि लेखणी उचलून धरून बसली. राधा जागी झाली. ओळ राहिली.

बावीसला मधुकरची पहिली पाळी होती. शुभानं पहाटे उठून त्याच्या डब्यात बटाट्याच्या काचऱ्या भरल्या, लसणीची चटणी वेगळी बांधून दिली. त्याच्या शर्टाचं मनगटाजवळचं बटण सैल झालं होतं, ते अंगावरच टाचून दिलं. दोरा दातांनी तोडताना त्याच्या मनगटाचा वास तिच्या नाकात भरला. संध्याकाळी हाच माणूस या दारातून येईल तेव्हा कसा येईल, नोकरी असलेला की गेलेला, तिच्याशी बोलेल की नाही, तिला काही कळत नव्हतं.

"आज काय विशेष? चटणीबिटणी," तो म्हणाला.

"काही नाही. बटाटे सपक झालेत."

तो गेला. तिनं आंघोळ केली. न्हाणीघरातले दमट लंगोट दोरीवरून काढले, बादलीत घेतले आणि गॅलरीत नेऊन, इतक्या दिवसांनी, एकेक झटकून उन्हात घातले. खाली ताडपत्री होती. बांबू नवा होता.

ती हिरवी साडी नेसून बाहेर आली तेव्हा स्टोव्ह पेटलेला होता. अण्णा पातेल्यावर वाकून सत्त्व हलवत होते. चेहरा इतका जवळ नेला होता की चष्म्यावर वाफ धरली होती.

"चकाकी आली का बघ गं," ते म्हणाले.

तिनं पाहिलं. "आली."

"गुठळी?"

"नाही एकही."

"मग जा. अकराच्या आधी पोचावं. पुकारा झाला आणि माणूस नसला की पुढची तारीख देतात." त्यांनी स्टोव्ह बंद केला. "साक्षीत जेवढं पाहिलंस तेवढंच. कमी नाही, जास्त नाही. मी पंचवीस वर्षं तेच भाषांतर केलं."

राधाच्या टाळूवर ओठ टेकवून ती निघाली. या वेळी चपला घातल्या. त्या जिनाभर वाजल्या.

कोर्ट रेल्वेपुलाच्या पलीकडे होतं. पुलाकडे जायचा रस्ता गेटावरूनच होता. ताडपत्रीखाली पाचसहा जण बसले होते. गेटाच्या आत जीप उभी होती, आणि तिच्या बॉनेटला टेकून साहेब वॉचमनशी काहीतरी बोलत होता. शुभानं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, मान खाली घातली. असंच निघून गेलं तर कोणाला कळणारही नाही, तिला वाटलं. एक बाई, बाजाराला निघालेली.

पुढे जाण्याआधी तिनं एकदा वळून वर पाहिलं. गॅलरीत, लंगोटांच्या मधोमध, अण्णा राधाला घेऊन उभे होते. उभ्यानं. राधाचा हात धरून ते तो हलवत होते, पण भलतीकडेच. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला हिरवी साडी नेसलेली कोणी बाई चालली होती, तिच्याकडे. त्यांना वाटत होतं, ती शुभा आहे. बाई वळून बघत नव्हती. अण्णांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता आणि तरी ते राधाचा हात हलवतच होते.

शुभा गेटासमोर थांबली. तिनं मान वर केली.

"अण्णा!" तिनं हाक मारली, इतक्या मोठ्यानं की ताडपत्रीखालची माणसं उठून बसली आणि जीपला टेकलेल्या माणसानं बोलणं तोडून तिच्याकडे पाहिलं. "अण्णा, इकडे! इकडे आहे मी. इथे, गेटाशी!"